गाणे भीमाचे, खर्च गायकाचा, मालकी कंपनीची

फेब्रुवारी लागला की घाटंजी तालुक्यातल्या गायक पोरांची धावपळ सुरू होते. ७ फेब्रुवारीची रमाई जयंती झाली की १४ एप्रिल गाठायचा असतो. कुणी पारव्याचा, कुणी शिवणीचा, कुणी घाटंजीतल्याच एखाद्या वॉर्डातला. गीत लिहून तयार असते, चाल बसलेली असते. यवतमाळच्या किंवा नागपूरच्या स्टुडिओत तारीख घेतली जाते. पैसा येतो कापसाच्या शेवटच्या वेच्यातून, पुण्याकडच्या कंपनीत केलेल्या चार महिन्यांच्या कामातून, नाहीतर आईच्या बचत गटाच्या कर्जातून. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गाणे यूट्यूबवर चढते. मग कुठून तरी फोन येतो, की गाणे चांगले आहे, पण प्रमोशनचे पॅकेज घेतल्याशिवाय चालणार नाही. पॅकेज घेतले जाते. व्ह्यूजचा आकडा चार दिवस पळतो आणि थांबतो. मे महिन्यात ते गाणे कुणाला आठवत नाही. गटाचा हप्ता मात्र दर महिन्याला आठवण करून देतो.

आम्ही या तालुक्यातल्या वस्त्यांमध्ये काम करतो, त्यामुळे हे चक्र दरवर्षी जवळून पाहतो. यावर समाजात दोनच प्रकारची मते ऐकू येतात. एक म्हणतो, “पोरात दमच नव्हता.” दुसरा म्हणतो, “अजून पैसा लावायला पाहिजे होता.” आम्हाला ही दोन्ही मते मान्य नाहीत. आमचे म्हणणे असे, की आंबेडकरी कलावंताचा पैसा कमी जाहिरातीमुळे बुडत नाही. जे त्याच्याजवळ आधीच आहे, म्हणजे समाज नावाचा श्रोता, तो सोडून तो अनोळखी माणसांची गर्दी विकत घ्यायला जातो, आणि जे कधीच देऊ नये, म्हणजे गाण्याची मालकी, ते फुकटात देऊन बसतो. पैसा इथे बुडतो. आणि त्याला या दोन्ही गोष्टींकडे ढकलण्यात आपल्या जयंती मंडळांचाही वाटा आहे. हे कडू वाटेल, पण बोलावे लागेल.

‘मार्केटिंग’ हा शब्द आपल्याला का टोचतो?

चळवळीतल्या अनेक ज्येष्ठांना हा शब्दच नको वाटतो. मार्केटिंग म्हणजे बाजार, बाजार म्हणजे भांडवलदार, मग भीमगीताचा त्याच्याशी संबंध काय, असा त्यांचा सवाल असतो. त्यांना आम्ही ३१ जानेवारी १९२० ची आठवण करून देतो. त्या दिवशी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. पत्र निघणार हे लोकांना कळावे म्हणून ‘केसरी’कडे जाहिरात पाठवली होती, तीही पैसे देऊन. ‘केसरी’ने ती छापली नाही. म्हणजे आपल्या पहिल्या पाक्षिकाला जाहिरातीची गरज होती, बाबासाहेबांना ती मान्य होती, आणि ती नाकारली गेली ती आपण कोण आहोत हे पाहून.

त्यानंतर बाबासाहेबांनी काय केले, ते आजच्या गायकाने समजून घ्यावे. दुसऱ्याच्या पानावर जागा मिळावी म्हणून ते आयुष्यभर अर्ज करत बसले नाहीत. शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने ‘मूकनायक’ उभा राहिला. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’, १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. स्वतःचा छापखाना उभारला, वर्गणीदार जोडले, आणि पैसा कमी पडला तेव्हा ते वाचकांशी मोकळेपणाने बोलले. पैशाअभावी पत्रे बंदही पडली. पण पत्राची मालकी आणि वाचकांची यादी त्यांनी कुणाच्या हाती दिली नाही.

जलशांनीही हेच केले. भीमराव कर्डकांचा जलसा नाशिकपासून गावोगाव फिरला, तेव्हा त्याच्यामागे कोणती कंपनी होती? वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) आयुष्यभर गावोगाव गात हिंडले. त्यांची गाणी टिकली ती त्या गावांच्या तोंडी. आणि आणखी एक गोष्ट पाहा. आपला शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफतो. ही नाममुद्रा म्हणजे हौस नव्हे. गाणे दहा गावे फिरले, दहा गळ्यांतून गेले, तरी ते कुणाचे हे पुसले जाऊ नये म्हणून केलेली ती तजवीज आहे. छापखाना नसलेल्या माणसाची ती नोंदणी आहे. आज गाणे अपलोड करताना गीतकाराच्या, संगीतकाराच्या, गायकाच्या नावाचा रकाना रिकामा सोडणारा पोरगा वामनदादांच्या मागे पडला आहे, पुढे गेलेला नाही.

पहिली चूक: आकडा विकत घेणे

आता फोनवरच्या पॅकेजकडे वळू. या पॅकेजात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालून विकल्या जातात, त्या आधी वेगळ्या कराव्या लागतील.

एक म्हणजे बनावट व्ह्यूज आणि बनावट फॉलोअर. हे यंत्राने किंवा पगारी टोळीने चालवलेले आकडे असतात. यूट्यूबच्या नियमांत याला थेट मनाई आहे. आकडे कापले जातात, प्रसंगी चॅनेलही जाते. स्पॉटिफायने २०२४ पासून असे नियम लावले आहेत, की मागच्या बारा महिन्यांत १,००० पेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधनाचा पैसाच नाही, आणि एखाद्या गाण्यावर उघडउघड बनावट ऐकणे सापडले तर ते गाणे पोचवणाऱ्या वितरकाला दंड. वितरक तो दंड कुणाकडून वसूल करेल, हे वेगळे सांगायला नको. मुंबई पोलिसांनी २०२० मध्ये बनावट फॉलोअर विकणाऱ्यांचा तपास केला, त्याची सुरुवात गायिका भूमी त्रिवेदी यांच्या नावाने उघडलेल्या खोट्या खात्याच्या तक्रारीतून झाली होती. म्हणजे हा धंदा किती पसरला आहे, हे पोलिसांच्या कागदावर आलेले आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे खरी, पैसे भरून केलेली जाहिरात. ही बेकायदेशीर नाही. पण तिने काय मिळते आणि काय मिळत नाही? यूट्यूबवर मोठ्या व्हिडिओंच्या आधारे जाहिरातींची कमाई सुरू व्हायला १,००० सबस्क्राइबर आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचे पाहणे लागते, हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे. जाहिरातीतून आलेले तास या ४,००० मध्ये धरले जात नाहीत, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. जुलै २०१९ मध्ये बादशाहच्या ‘पागल’ या गाण्याला २४ तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचा गाजावाजा झाला. त्यामागे जाहिरातींचा मोठा खर्च होता. यूट्यूबने तो विक्रम म्हणून जाहीर केला नाही आणि सप्टेंबर २०१९ मध्ये नियमच बदलला: विक्रम आणि क्रमवारी ठरवताना पैसे भरून मिळवलेले व्ह्यूज मोजायचे नाहीत. ज्यांच्यामागे मोठ्या कंपन्यांचा पैसा होता त्यांचे आकडे जिथे बाद झाले, तिथे घाटंजीच्या पोराचे पाच हजार रुपये कुठे टिकणार?

शिवाय एक नुकसान डोळ्यांना दिसत नाही. तुमचे गाणे पुढे कुणाला दाखवायचे, हे यूट्यूब आधीच्या प्रेक्षकांवरून ठरवते. बिहारमधल्या किंवा बांगलादेशातल्या दहा हजार अनोळखी फोनांवर गाणे पाच सेकंद वाजले आणि बंद झाले, तर यंत्र कदाचित इतकेच शिकेल की हे गाणे कुणी पूर्ण ऐकत नाही. मग ज्या आर्णीच्या किंवा पांढरकवड्याच्या माणसाने ते शेवटपर्यंत ऐकले असते, त्याच्यापर्यंत ते न जाण्याची भीती असते. पैसा देऊनही आपला माणूस मिळेलच असे नाही.

दुसरी चूक: सही

कापसाचा शेतकरी ही चूक चांगली ओळखतो. भाव उघडण्याआधी दारात गाडी उभी करून नगद देणारा खेडा खरेदीवाला त्याने पाहिलेला असतो. नगदीची गरज असते, म्हणून माल जातो. भाव चढतो तेव्हा माल दुसऱ्याच्या गोदामात असतो. आपल्या गाण्यांचे नेमके हेच होते. मोठ्या चॅनेलचा माणूस म्हणतो, “आमच्या चॅनेलवर टाकू, लाखो सबस्क्राइबर आहेत, फक्त इथे सही करा.” कधी चार हजार रुपये देतो, कधी उलट गायकाकडूनच पैसे घेतो. कागदावर इंग्रजीत लिहिलेले असते, की सर्व हक्क, सर्व माध्यमे, सर्व जग, कायमचे. पुढे तोच पोरगा स्वतःचे गाणे स्वतःच्या चॅनेलवर टाकतो, तर त्यावर कॉपीराइटचा दावा येतो आणि कमाई कंपनीकडे वळते.

आपण संविधानाची लेकरे म्हणवून घेतो, तर कायदा वाचलाही पाहिजे. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्यात कलावंतांच्या बाजूच्या मोठ्या तरतुदी आल्या. कलम १९ सांगते, की हक्क देणे लेखी आणि सहीनिशी असले पाहिजे. कोणते गाणे, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदला, हे त्यात लिहिलेले असले पाहिजे. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षे धरली जातात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन एक वर्षात वापरलेच नाहीत आणि करारात वेगळे काही म्हटले नसेल, तर ते हक्क परत येतात. आणि सर्वांत महत्त्वाचे: चित्रपटात नसलेल्या ध्वनिमुद्रित गाण्याच्या बाबतीत गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा सही केल्यानेही जात नाही. हे वाचून घ्या आणि करार करायला आलेल्याला वाचून दाखवा. अर्धे करार तिथेच शहाणे होतात.

ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक निर्माता असतो, म्हणजे पुढाकार आणि जबाबदारी घेऊन रेकॉर्डिंग करवून घेणारा. स्टुडिओचे पैसे तुम्ही भरले असतील तर पावती स्वतःच्या नावाने घ्या आणि जपून ठेवा. शंभर रुपयांच्या या सवयीने पुढचे लाखांचे भांडण वाचते.

यात फक्त खेड्यातली भोळी पोरे फसतात असे कुणी समजू नये. मार्च २०२१ मध्ये आलेले ‘एन्जॉय एन्जामी’ हे तमिळ गाणे सगळ्या जगाने ऐकले. त्याचे शब्द अरिवूचे. आपल्याच विचाराचा, श्रीलंकेच्या मळ्यांत राबलेल्या पूर्वजांची आठवण गाणारा कलावंत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर या गाण्याची गायिका धी झळकली, अरिवू नव्हता. पा. रंजीत यांनी आवाज उठवला, टीका झाली, मग त्याच्यासाठी वेगळे डिजिटल मुखपृष्ठ निघाले. आणि मार्च २०२४ मध्ये संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीरपणे सांगितले, की तीन वर्षांत या गाण्याचा एक पैसाही तिघा कलावंतांना मिळालेला नाही. कंपनीने आरोप नाकारले. कोण खरे हे ठरवण्याचे काम आमचे नाही. पण कोट्यवधी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याच्या निर्मात्यांना हिशेबासाठी तीन वर्षांनी व्हिडिओ करून बोलावे लागते, यातून आपण शिकायला हवे: प्रसिद्धी आली म्हणून पैसा आणि नाव आपोआप येत नाही.

तिसरी चूक: उसनी चाल

हे अनेकांना आवडणार नाही. आपल्याकडे चित्रपटाच्या गाण्याच्या चालीवर भीमगीत बांधण्याची जुनी पद्धत आहे. त्या काळी तिचे कारणही होते. चाल लोकांच्या ओठावर असायची, शब्द लगेच पोचायचे. मंडपात, मिरवणुकीत ती पद्धत आजही चालेल. पण रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकले की तिथले यंत्र ती चाल ओळखते आणि कमाई चालीच्या मालकाला जाते. ‘फ्री बीट’ म्हणून इंटरनेटवरून उचललेल्या ट्रॅकचेही तेच. फ्री म्हणजे ऐकायला फ्री, कमाईसाठी नव्हे. म्हणजे कर्ज आपल्या आईचे, शब्द बाबासाहेबांचे, आणि पैसा मुंबईच्या चित्रपट कंपनीचा. ज्या समाजाकडे जात्यावरच्या ओव्यांपासून डफ-तुणतुण्यापर्यंत चालींची खाण आहे, त्याने उसनवारी करावी कशाला? अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे ‘१०० आरबीएच’, आपल्या वऱ्हाडी बोलीत रॅप करून देशभरच्या मंचावर पोचला. संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारीवर गायल्या, आणि लोकांनी मोबाइलवर टिपलेल्या व्हिडिओंतून त्या घराघरांत गेल्या. दोघांचीही ओळख त्यांच्या स्वतःच्या आवाजाची आणि बोलीची आहे.

“चळवळीचे काम आहे, पैशाचे काय बोलता?”

आता मंडळांकडे वळतो. जयंतीच्या खर्चाचा कागद काढा. मंडपवाल्याचे पैसे ठरलेले असतात. डीजेवाला आगाऊ घेतो. बॅनरवाला, जनरेटरवाला, जेवणवाला, कुणीही “चळवळीचे काम” म्हणून फुकट येत नाही. फुकट यावे अशी अपेक्षा फक्त गायकाकडून, आणि त्याला मिळते शाल, पुष्पगुच्छ आणि फोटो. वर डीजेवर त्याचेच गाणे रात्रभर वाजते आणि त्याचे नाव एकदाही घेतले जात नाही.

बुद्धाच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. कष्टाच्या, निर्मळ मार्गाने पोट भरणे हा धम्माचा भाग आहे; कष्टाचा मोबदला मागणारा कलावंत धम्माबाहेर जात नाही. उलट त्याला उपाशी ठेवणारा समाजच त्याला पॅकेजवाल्याच्या आणि करारवाल्याच्या दारात नेऊन सोडतो. घरच्या मंडपात किंमत नाही म्हटल्यावर पोरगा बाहेरचा आकडा दाखवून किंमत वाढवायला बघतो. त्याने विकत घेतलेले व्ह्यूज बहुतेक वेळा मंडळाच्या अध्यक्षाला दाखवण्यासाठीच असतात. “लाख व्ह्यूज आहेत दादा, आता तरी पाच हजार द्या.” ही परिस्थिती मंडळांनी तयार केली आहे, आणि ती मंडळांनीच मोडली पाहिजे.

काही मित्र म्हणतात, मोठ्या चॅनेलशिवाय गाणे पोचत नाही. यात तथ्य आहे. मोठ्या चॅनेलकडे तयार श्रोते असतात आणि तिथे जाण्यात कमीपणा नाही. पण गाणे वापरायला देणे आणि गाणे विकणे यात फरक आहे. शेत बटईने देता येते, त्यासाठी सातबारा बदलावा लागत नाही. दोन वर्षांसाठी, फक्त यूट्यूबसाठी, कमाईत ठरलेल्या वाट्याने द्या. नकार आला तर समजा की त्यांना गाणे वाजवायचे नव्हते, मालकीच हवी होती.

मग करायचे काय?

समजा, तुमच्याजवळ वीस हजार रुपये आहेत. आजची पद्धत अशी, की पंधरा हजार व्हिडिओवर, पाच हजार पॅकेजवर, आणि गाणे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी खिसा रिकामा. आमचे म्हणणे असे.

अर्धा पैसा आवाजावर आणि मिक्सिंगवर घाला. लोक गाणे मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर आणि जयंतीच्या मोठ्या बॉक्सवर ऐकतात, दोन्हीकडे शब्द स्पष्ट कळले पाहिजेत. व्हिडिओ साधा ठेवा. विहार, वस्ती, कापसाचे शेत, वाघाडीचा काठ, हे सगळे फुकट आहे. उरलेला पैसा गाणे निघाल्यानंतरच्या तीन महिन्यांसाठी राखून ठेवा आणि तो फिरण्यावर खर्च करा. जाहिरात करायचीच असेल तर शे-दोनशे रुपयांपासून, फक्त यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा आपल्या जिल्ह्यांपुरती, आणि लोक गाणे किती वेळ ऐकतात हे पाहूनच पुढे वाढवा. कर्ज काढून कधीही नाही.

एक वही ठेवा. ज्या गावात गायलात, तिथल्या मंडळाचा, विहाराचा, आवडीने ऐकणाऱ्या माणसाचा नंबर त्याला विचारून लिहा. पुढचे गाणे आधी त्यांना पाठवा. पन्नास गावांतली पाचशे माणसे म्हणजे तुमचे ‘वर्गणीदार’. ही वही कोणतीही कंपनी बंद करू शकत नाही. गाणे एप्रिललाच काढायचा हट्टही सोडा. १४ एप्रिलच्या गर्दीत हजारो गाण्यांत तुमचे हरवते. बुद्ध पौर्णिमा, १ ऑगस्टची अण्णाभाऊंची जयंती, अशोक विजयादशमी, ६ डिसेंबर, ३ जानेवारी, आपले वर्ष भरलेले आहे. गीतकार आणि संगीतकारांनी आयपीआरएसचे सदस्यत्व घ्यावे. १९६९ पासूनची ही संस्था रॉयल्टी गोळा करून वाटते, पण जो सदस्यच नाही त्याला ती शोधत येणार नाही.

आणि मंडळांसाठी तीन अटी. एक, गायकाचे मानधन आधी ठरवा, कागदावर लिहा आणि त्याच रात्री द्या. दोन, डीजेवर किंवा मंचावर गाणे वाजण्याआधी गीतकार आणि गायकाचे नाव माइकवर घ्या. तीन, वर्गणीचा एक हिस्सा तालुक्यातल्या नव्या गाण्याच्या रेकॉर्डिंगसाठी राखून ठेवा, आणि त्या गाण्याची मालकी कलावंताकडेच राहू द्या.

घाटंजी तालुक्यातल्या मंडळांच्या बैठका मार्चमध्ये सुरू होतील. खर्चाची यादी लिहायला वही उघडली, की मंडपाच्या वरची पहिली ओळ गायकाच्या मानधनाची लिहा. जे मंडळ लिहील, त्याच्या कार्यक्रमाची दवंडी आम्ही गावोगाव स्वतः पिटू. जे लिहिणार नाही, त्याच्या मंचावर फुकट गायला आमच्या ओळखीचा एकही कलावंत जाणार नाही, यासाठी आम्ही प्रत्येकाशी बोलणार आहोत.

जय भीम.